दुखणे थांबले म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक वीस-एकवीस वर्षांचा तरुण लंगडत आत आला. पाठोपाठ त्याचे वडील. आदल्या दिवशी शेजारच्या गावात टेनिस बॉल क्रिकेटचा सामना होता. हा मुलगा सीमारेषेजवळ उभा होता. अर्धा तास त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. मग एक उंच फटका आला, हा जीव तोडून धावला आणि झेलापर्यंत पोहोचण्याआधीच मांडीच्या मागे कोणी दगड मारावा तसे झाले. वळून पाहिले, तर मागे कोणीच नव्हते.

"शिरेवर शीर चढलीय," वडील म्हणाले. "रातीच चोळून घेतलं. पण जास्तच सुजलं."

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, येत्या रविवारी फायनल आहे. एखादी सुई मारा. तेवढी मॅच निघू द्या."

मी तपासले. मांडीच्या मागे तळहाताएवढा निळा-काळा डाग पडला होता. पालथे झोपवून गुडघा दुमडायला सांगितला आणि टाचेवर हाताने थोडा विरोध केला, तर तो कळवळला. मी सांगितले, की सुई मिळणार नाही आणि फायनलही नाही. मुलाचा चेहरा पडला. वडील मात्र शांतपणे म्हणाले, "पण डॉक्टर, मागं त्या भरतीवाल्या पोराला तुम्हीच दिली होती की सुई."

खरे होते. मीच दिली होती. आजचा लेख त्या सुईबद्दल आहे.

माझी चूक

२०२३ च्या जानेवारीत राज्यात पोलीस भरतीच्या मैदानी चाचण्या सुरू झाल्या. आपल्या भागात पहाटे रस्त्याने धावणारी मुले-मुली सगळ्यांनी पाहिलेली आहेत. पोलीस शिपायाच्या चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते आणि गोळा फेकावा लागतो. सगळे मिळून गुण ५०. एकेका सेकंदावर गुण ठरतात. एका तरुणाच्या मांडीमागचा स्नायू चाचणीच्या दहा-बारा दिवस आधी दुखावला होता. पंधरवड्यापेक्षा कमी काळात तो "बरा" झाला, म्हणजे चालताना दुखेनासे झाले. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. थोडीशी कळ आहे म्हणाला. घरची परिस्थिती मला ठाऊक होती. वयाची अट जवळ आली होती. मी दुखणे थांबवणारे इंजेक्शन दिले, क्रेप बँडेज बांधले आणि "जा, चांगला धाव" म्हणालो.

१०० मीटरच्या धावेत निम्मे अंतर गेल्यावर तो कोसळला. आधी थोडे तंतू तुटले होते, या वेळी स्नायूचा मोठा भाग फाटला. भरती गेली. पुढे कित्येक महिने त्याला खुर्चीवर नीट बसताही येत नव्हते.

इंजेक्शन दिले नसते तर तो धावला नसता का? कदाचित धावलाच असता. पण दुखणे ही शरीराने दिलेली हाक असते, आणि त्या दिवशी ती हाक मी माझ्या हाताने बंद केली. त्याला पुढे पाठवताना मी डॉक्टर म्हणून विचार केला नाही, शेजारी म्हणून केला. त्याच्यावर माया होती, म्हणूनच चूक झाली. आपल्याकडे बहुतेकांच्या हातून ती अशीच होते.

मांडीमागचे तीन स्नायू

मांडीच्या मागच्या बाजूला तीन लांब स्नायू असतात. आपण ज्या हाडावर बसतो, तिथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. खेळाडूंच्या भाषेत यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. गुडघा दुमडणे आणि मांडी मागे नेणे ही त्यांची कामे. पण धावताना ते आणखी एक अवघड काम करतात. पाय वेगाने पुढे फेकला जातो, तेव्हा जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी त्याला आवर घालण्याचे काम हे स्नायू करतात. उतारावर भरलेली गाडी निघाली, की बैल ती मानेवर तोलून मागे रेटून धरतात. ओढण्यापेक्षा ते रेटून धरणे जास्त जिकिरीचे. स्नायूचेही तसेच आहे. तो ताणला जात असताना त्याच वेळी जोरही लावत असतो, आणि नेमका तेव्हाच फाटतो.

म्हणूनच ही दुखापत फार करून धावण्याच्या खेळात होते. खो-खोत, कबड्डीत, फुटबॉलमध्ये, १०० मीटरच्या शर्यतीत. क्रिकेटमध्ये ती गोलंदाजाला होते आणि सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकालाही होते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मैदानाच्या टोकाला उभ्या असणाऱ्या आउटफिल्डरचे दुखणेही हेच. बराच वेळ नुसते उभे राहायचे, अंग थंड होऊ द्यायचे आणि मग एका क्षणात पूर्ण वेगाने सुटायचे. स्नायूला त्या धावेची कल्पनाच नसते.

दुखापतीच्या साधारण तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत थोडे तंतू तुटतात. माणूस चालू शकतो, पण धावताना कळ येते. एक ते तीन आठवडे लागतात. दुसऱ्या पायरीत स्नायूचा बराच भाग फाटतो, डाग पडतो, माणूस लंगडतो. चार ते आठ आठवडे धरावेत. तिसरीत स्नायू पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण तुटतो. तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात, क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते. हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येकाचा पाय वेगळा.

"शिरेवर शीर चढली" हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे, की त्यामुळे उपचारही चुकतो. शीर चढलेली असेल तर ती चोळून उतरवावी, असे वाटणारच. पण इथे काहीही चढलेले नसते. स्नायूचे तंतू तुटलेले असतात आणि आत रक्त साचलेले असते. ताज्या जखमेवर जोराने चोळले, की रक्तस्राव वाढतो. मुका मार लागून साचलेले रक्त पुन्हा पुन्हा रगडले, तर काही वेळा स्नायूतच हाडासारखा कडक गोळा तयार होतो. चोळून देणारे आपल्या गावचेच असतात, त्यांचा हेतू चांगला असतो. त्यांनाही मी हेच सांगत आलो आहे. पहिले काही दिवस हात लावू नका.

आपल्याच जिल्ह्यातले दोघे

या दुखापतीचे धडे शिकायला फार लांब जायला नको. पुणतांब्याच्या स्टेशनावर दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की थोड्याच वेळात श्रीरामपूर येते. भारताचा डावखुरा वेगवान गोलंदाज झहीर खान याचा जन्म १९७८ साली तिथला.

डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत झहीरने ऑस्ट्रेलियाचे ५ बळी ९५ धावांत घेतले. पण त्याच्या मांडीमागचा स्नायू दुखावला आणि ॲडलेडची पुढची कसोटी त्याला खेळता आली नाही. २६ डिसेंबरला मेलबर्नला तो परत उतरला. म्हणजे मध्ये तीन आठवडेही गेले नव्हते. तिथे पाय पुन्हा दुखावला आणि त्याला दौरा अर्धवट सोडून घरी यावे लागले. त्या वेळी कोणी काय निर्णय घेतला, तपासण्यांत काय दिसले, हे मी पाहिलेले नाही. तेव्हा दोष कोणाला देत नाही. पण जिथे स्नायूला आठवडे लागतात, तिथे दिवस मोजले की काय होते, ते यातून दिसते.

२०११ चा विश्वचषक भारताने जिंकला. त्यात झहीरने २१ बळी घेतले होते. स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने पहिला होता. त्याच वर्षी २१ जुलैला लॉर्ड्सवर कसोटी सुरू झाली. त्याने १३.३ षटके टाकली, दोन बळी घेतले, आणि मांडीमागचा तोच स्नायू धरून तो बाहेर गेला. पुढच्या महिन्यात एका सराव सामन्यात त्याने गोलंदाजी करून पाहिली, पण थोड्याच षटकांत थांबावे लागले. या वेळी घोटा दुखत होता. त्यावर शस्त्रक्रिया झाली. भारत ती मालिका ४-० अशी हरला. नंतर मात्र त्याने घाई केली नाही. मुंबईकडून रणजी सामने खेळून पाय तपासून घेतला आणि मग २६ डिसेंबर २०११ ला मेलबर्नच्याच मैदानावर उतरून पहिल्या डावात ७७ धावांत ४ बळी घेतले. मैदान तेच, तारीखही तीच. आठ वर्षांपूर्वी तो तीन आठवड्यांच्या आत उतरला होता, या वेळी पाच महिन्यांनी.

दुसरा अजिंक्य रहाणे. त्याचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. १४ मे २०२२ रोजी पुण्याजवळ गहुंज्याच्या मैदानावर आयपीएलचा सामना खेळताना त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला. दुखापत तिसऱ्या पायरीची. तो काळ त्याच्यासाठी किती वाईट होता, हे आठवा. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो कसोटी संघातून वगळला गेला होता. वय चौतिशीला आलेले. "आता याचे संपले" असे लोक उघड म्हणत होते. घाई करायला याहून मोठे कारण कोणते हवे?

त्याने घाई केली नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत जाऊन पायावर मेहनत घेतली. सप्टेंबरमध्ये, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांनी, दुलीप करंडकात पश्चिम विभागाचा कर्णधार म्हणून तो परतला आणि चेन्नईत नाबाद २०७ धावा केल्या. पुढच्या जूनमध्ये, २०२३ साली, ओव्हलवरच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात तो भारताकडून खेळला आणि ८९ व ४६ धावा केल्या. भारत तो सामना हरला, पण संघ अडचणीत असताना त्याच्या पायांनी त्याला दगा दिला नाही.

कोणी म्हणेल, त्यांच्याजवळ फिजिओ असतात, अकादमी असते, पैसा असतो. आपल्या पोरांजवळ काय आहे? प्रश्न रास्त आहे. पण या चार महिन्यांत सर्वांत महागडी गोष्ट कोणती होती? मला विचाराल तर थांबण्याची तयारी. ती बाजारात मिळत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत. बाकीचे बरेचसे घरच्या ओट्यावर होऊ शकते. ते कसे, ते सांगतो.

पहिले तीन दिवस

खेळ तिथेच थांबवावा. "दोन ओव्हर बघतो" हे नको. लंगडत असाल तर कुबडी किंवा काठी घ्यावी. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा लावावा. उघडा बर्फ कातडीवर ठेवू नये, कातडी भाजते. क्रेप बँडेज बांधावे, पण पाऊल थंड किंवा बधिर होईल इतके आवळू नये. झोपताना पायाखाली उशी घ्यावी. चोळणे, गरम शेक, वाकून पायाचे अंगठे धरण्याचा ताण आणि दारू, ही चारही पहिल्या तीन दिवसांत वर्ज्य. दारूने रक्तस्राव वाढतो, हे वेगळे सांगतो, कारण सामन्यानंतरची मंडळी हे विसरतात.

बर्फाबद्दल थोडे अधिक. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, बँडेज आणि पाय उंच ठेवणे हा चतुःसूत्री उपचार लोकप्रिय केला. २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले, की फार वेळ बर्फ आणि फार विश्रांती यांनी भरून येण्याला उशीर लागू शकतो. म्हणून बर्फ कळ कमी करण्यापुरता घ्यावा आणि पडून राहणे दोन-तीन दिवसांपुरते ठेवावे. आयुष्यभर सांगितलेले मत छत्तीस वर्षांनी बदलायला धैर्य लागते, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

कळीसाठी पॅरासिटामॉल पुरते. दुकानातून मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊन आठ-आठ दिवस खाणे पोटाला आणि मूत्रपिंडाला महागात पडते. आणि वेदनाशामक घेऊन मैदानात उतरणे तर कधीच नको. ते का, ते वर सांगितलेच आहे.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे? "टप्प" असा आवाज आला असेल, पायावर भार देता येत नसेल, स्नायूत खड्डा लागत असेल, डाग झपाट्याने पसरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर वाट पाहू नका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या पालकांना विशेष सूचना. या वयात हाड अजून वाढत असते. कधी कधी स्नायू फाटण्याऐवजी बसण्याच्या हाडाचा तुकडाच निघून येतो. बसताना कुल्ल्याच्या खाली नेमके दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे.

पुढची चढण

पाटाचा बांध फुटला, की आपण काय करतो? माती टाकतो, दाबतो आणि लगेच पाटाला पूर्ण पाणी सोडत नाही. सोडले तर बांध त्याच जागी फुटतो. पण पाणी कधीच सोडले नाही, तर माती नुसती सुकते आणि तिला भेगा पडतात. आधी थोडे पाणी, मग आणखी थोडे. तशी माती बसते.

स्नायूचेही हेच. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाई. त्यानंतर काही आठवडे तुटलेल्या जागी नवे तंतू विणले जातात. ते सुरुवातीला कच्चे आणि आडवेतिडवे असतात. मग कित्येक महिने ते पक्के होत राहतात. त्यांना योग्य दिशा मिळते ती बेताच्या ओझ्याने. कळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जाते आणि बांध त्या वेळी अर्धाच बसलेला असतो. सगळी फसगत इथे होते. अशी दुखापत पुन्हा होण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १२ ते ३३ टक्के सांगितले जाते, आणि धोका सर्वांत जास्त असतो तो परतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून, दुखत नसेल इतकेच, चालावे. उताणे झोपून गुडघे वाकवून टाचा जमिनीत दाबाव्यात, दहा आकडे मोजून सोडाव्यात. ते सोपे झाले, की तसेच झोपून कंबर वर उचलावी, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. नंतर सावकाश जॉगिंग. कळ आली तर एक पायरी मागे जावे, लाजू नये.

शेवटच्या टप्प्यातला एक व्यायाम नीट सांगतो, कारण त्याला काहीही साहित्य लागत नाही. जाड सतरंजीवर गुडघे टेकून, पाठ सरळ ठेवून उभे राहावे. जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरावेत. मग कंबरेत न वाकता सगळे अंग हळूहळू पुढे झुकवावे आणि जमेल तितका वेळ मांडीमागच्या स्नायूंनी स्वतःला रोखून धरावे. शेवटी हात टेकावेत. उतारावरची गाडी रोखून धरण्याचीच ही तालीम. डेन्मार्कमध्ये फुटबॉलच्या ५० संघांतल्या ९४२ खेळाडूंवर याची तपासणी झाली आणि निष्कर्ष २०११ साली छापून आले. हा व्यायाम करणाऱ्यांत १५ दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत ५२. औषधाच्या बाटलीवर असे आकडे असते, तर दुकानापुढे रांग लागली असती. स्वीडनमध्ये ७५ फुटबॉलपटूंवर झालेल्या आणखी एका तपासणीत, स्नायू लांबवत जोर देणारे व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत सरावाला परतले, तर नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना ५१ दिवस लागले. म्हणजे नुसते पडून राहणे हे थांबणे नव्हे. थांबणे म्हणजे सामना सोडून रोज पायावर काम करणे.

हा झुकण्याचा व्यायाम मात्र जखम ताजी असताना करू नये. आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावे.

परत कधी उतरायचे?

तारखेवर नाही, परीक्षेवर. मी मुलांना पाच प्रश्न देतो. एक, दुखापतीच्या जागी बोटाने दाबल्यावर दुखते का? दोन, उताणे झोपून सरळ पाय दुसऱ्या पायाइतकाच वर जातो का? तीन, एका पायावर कंबर उचलणे दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा जमते का? चार, आधी निम्म्या, मग पाऊण आणि मग पूर्ण वेगाने, वेगवेगळ्या दिवशी धावल्यावर दुसऱ्या सकाळी पाय आखडतो का? पाच, एकदम थांबणे, वळणे, पुन्हा सुटणे जमते का, आणि मनात भीती आहे का? पाचही उत्तरे समाधानाची येईपर्यंत सामना नाही. पाचवा प्रश्न मुले हसण्यावारी नेतात. पण ज्याच्या मनात भीती आहे तो पाय आखडून धावतो, आणि आखडून धावणारा दुसरीकडे कुठेतरी दुखापत करून घेतो.

गावाने काय करावे

माझा राग मुलांवर नाही. तो आपल्या टाळ्यांवर आहे. लंगडत फलंदाजी करणाऱ्याला आपण "वाघ आहे" म्हणतो, आणि जो म्हणतो "पाय दुखतोय, मी बसतो" त्याला भित्रा ठरवतो. स्पर्धेला हजारो रुपयांचे चषक, मांडव, ध्वनिक्षेपक असतात, पण बर्फाची पेटी आणि दोन बँडेज नसतात. सामना सुरू होण्याआधी अंग गरम करायला वीस मिनिटे दिली जात नाहीत. नांगरून वाळलेल्या शेतात ढेकळांवर पोरे धावतात. संयोजकांनी एवढे केले तरी पुरे आहे: मैदान रोलरने सपाट करा, सरावाला वेळ द्या, आणि कर्णधाराला सांगा की दुखावलेल्याला उतरवायचे नाही. सीमारेषेवरच्या खेळाडूने षटकामागे चार पावले धावत राहावे, नुसते खिशात हात घालून उभे राहू नये.

मुलींच्या बाबतीत आपली चूक उलटी असते. खो-खो खेळणाऱ्या मुलीच्या मांडीचा स्नायू दुखावला, की घरचे म्हणतात, "बास झाला खेळ." तिला पायरी-पायरीने परत आणण्याचा विचारच होत नाही. म्हणून मुली दुखणे लपवतात आणि माझ्याकडे महिन्याने येतात. मुलाला लवकर ढकलणे आणि मुलीला कायमचे बसवणे, दोन्हींत पायाचे ऐकले जात नाही.

शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना आणि भरतीची तयारी करून घेणाऱ्यांना विनंती. आठवड्यातून दोन दिवस मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम घ्या. चाचणीच्या आधीच्या पंधरवड्यात एकदम वेग वाढवू नका. आणि माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींनाही एक सांगणे आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी मागितलेली सुई देऊ नका. नाही म्हटले तर माणूस पुढच्या दवाखान्यात जाईल, याची मला कल्पना आहे. जाऊ द्या.

त्या सोमवारच्या मुलाचे वडील त्या दिवशी फार काही बोलले नाहीत. मी त्यांना त्या भरतीच्या मुलाचे पुढे काय झाले, ते सगळे सांगितले. माझी चूक होती, हेही सांगितले. ते उठले आणि मुलाला म्हणाले, "चल. कांद्याला पाणी द्यायचंय, ते मी देतो. तू बस घरी."

फायनल झाली. मुलगा गुणफलक लिहायला बसला होता. हे लिहीत असताना तिसरा आठवडा संपला आहे. डाग गेला आहे, चालताना काही जाणवत नाही. दोन्ही पायांवर कंबर उचलणे जमते, एका पायावर पाच-सहा वेळांच्या पुढे थरथर सुटते. परवा दवाखान्यात येऊन त्याने विचारले, "डॉक्टर, आता तर दुखतच नाही. पळू का?"

मी म्हटले, अजून नाही. त्याने तोंड वाकडे केले, पण पुढच्या सोमवारची वेळ विचारून गेला.